चहावरून बँक ओळखायची रीत

माझ्या आजोबांनी एकतीस वर्षं एका बँकेत शिपायाची नोकरी केली, आणि त्यातली निदान तीस वर्षं त्यांना वाटत होतं की बँक आपणच चालवतो. हे मी म्हणत नाही, आजी म्हणते. पार्वतीबाईंच्या म्हणण्याला आमच्या घरात कुणी आडवं जात नाही, म्हणून मीही तेच लिहिते.

आजोबांचं नाव साहेबराव. माझं महामाया, तेही त्यांनीच ठेवलेलं. वर्गात मला माया म्हणतात आणि घरात "जरा गप बस" म्हणतात. त्याला कारण आहे. जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करणाऱ्या मॅडमचा घसा बसला आणि ऐनवेळी माझ्या हातात माईक आला. तोवर मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा हळू आवाजात "येस मॅडम" म्हणायचे. त्या दिवशी दोन तास बोलले आणि लोक हसले, टाळ्या पडल्या. पप्पा म्हणतात, माईक शाळेनं काढून घेतला, पण बटण बंद करायचं राहिलं.

तर आजोबा. ते २००८ साली लातूरच्या शाखेतून रिटायर झाले आणि नांदेडला आमच्याकडं राहायला आले. त्याच दिवसांत अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि सगळ्या जगाचा बाजार बसला. आजोबांना आजही मनातून वाटतं की या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असावा. त्यांच्या बँकेचा शेअर तेव्हा निम्म्यावर आला होता. हातात रिटायरमेंटचे पैसे होते. आजोबांनी ठरवलं, घ्यायचे. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज दुपारी म्हणायचे, "उद्या अजून पडंल, उद्या घिऊ." मग एक दिवस शेअर वर गेला. आजोबा म्हणाले, खाली येऊ दे. तो काही आला नाही. पंधरा वर्षं झाली. आमच्या घरात आता कुणी भांडी घासायचा कंटाळा केला की आई विचारते, "आत्ता घासणार का आजोबांच्या उद्याला?"

हसण्यावारी नेतो आम्ही, पण आजोबांना ते लागतं. त्यांना शेअरमधून पैसा करायचा नव्हता कधी. एकदा त्यांच्या शाखेत एक कापडदुकानदार आला होता. काउंटरवर कुणी दाद देईना, तेव्हा तो सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "मी या बँकेचा भागधारक आहे. मालक आहे म्हणा." मॅनेजर उभा राहिला. बेल वाजली. आजोबा पाणी घेऊन आत गेले. नंतर कळलं, त्या माणसाकडं पन्नास शेअर होते. "फकत पन्नास," आजोबा अजून सांगतात, आणि हाताचा पंजा दाखवतात. मला लहानपणी वाटायचं पाचच होते.

म्हणजे त्यांना मालक व्हायचं होतं. जिथं पाणी दिलं तिथलं. आणि पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांना वाटत होतं की आता राहिलं ते राहिलं.

आणि मग माझी दहावीची परीक्षा चालू असताना, मार्चमध्ये, अमेरिकेतली एक बँक दोन दिवसांत बुडाली. लगेच दुसरी. मग स्वित्झर्लंडची एक जुनी, भारी नावाची बँक शनिवार-रविवारात विकून टाकावी लागली. टीव्हीवरचे लोक असे ओरडत होते की जणू त्यांचेच पैसे तिथं होते. आमच्या आजोबांच्या बँकेला काहीच झालं नव्हतं, पण तिचा शेअरही घाबरून दोनशे एक्कावन्नवरून खाली खाली यायला लागला.

आजोबा ताठ बसले. स्टँडवर २००८ ला चुकलेली एसटी पंधरा वर्षांनी परत फलाटाला लागावी, तसा चेहरा.

"आलं बगं परत," ते म्हणाले.

डीमॅट खातं पप्पांनी दोन वर्षांपूर्वीच काढून दिलेलं होतं, वीस हजार रुपयेही त्यात घातलेले होते. खातं आजोबांचं, ॲप माझ्या फोनमध्ये आणि मोबाईल नंबर पप्पांचा, कारण आजोबा कुठलाही अनोळखी फोन किंवा मेसेज आला की लगेच कट करतात. त्यामुळं शेअर घ्यायचा तर आजोबांचं मन, माझा फोन आणि पप्पांकडचा ओटीपी, तिन्ही एकाच वेळी एका जागी यावे लागायचे. ग्रहण यापेक्षा लवकर लागतं.

मी मदतीला धावले. बीजगणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आलेख काढला आणि आत्मविश्वासानं जाहीर केलं, "दोनशे बारा हा तळ. याच्या खाली जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोनशे नऊ झाला.

"दोनशे नऊ हा खरा तळ," मी म्हटलं.

"काल कोन्चा व्हता?"

"कालचा तात्पुरता होता."

"तुझ्या विहिरीला रोज नवीन तळ लागून राहिलाय, माया," आजोबा म्हणाले. "बीजगणिताचा पेपर कसा गेला म्हनली तू?"

माझा आलेख त्यांना पटत नव्हता, कारण त्यांची स्वतःची रीत होती. ती रीत जगात दुसऱ्या कुणाकडं नसावी. आजोबांचं म्हणणं असं की बँकेची वही खोटं बोलू शकते, पण बँकेतला चहा खोटं बोलत नाही. एकतीस वर्षं त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा सांगून आणला होता. जो माणूस कर्ज मागायला येतो, त्याला मॅनेजर साधा चहा देतो, किंवा देतही नाही. जो वेळेवर हप्ते भरतो, त्याला तर कुणी ओळखतही नाही. पण ज्यानं मोठं कर्ज घेतलंय आणि फेडत नाहीये, त्याला गोंजारावं लागतं. त्याच्यासाठी स्पेशल चहा येतो. बिस्कीट येतं.

"स्पेशल वाढला की समजायचं, पैसा अडकला," आजोबा बोट वर करून सांगायचे. "एका डाळमिलवाल्याला मी दोन म्हैने स्पेशल नेला. रोज. वर क्रीमचं बिस्कीट. तिसऱ्या म्हैन्यात मिलला कुलूप. हेड ऑफिसला सहा म्हैन्यांनी कळलं, मला आधीच म्हाईत होतं."

"मग हेड ऑफिसला सांगितलं का नाही?"

"शिपायाला कोन इचारतं?"

"आणि आजोबा, अमेरिकेतल्या बँकेत स्पेशल कोण नेत होतं?"

"तेच तर," ते गंभीरपणे म्हणाले. "तिकडं मशीनचा चहा. कळनार कसं?"

परीक्षा संपली त्या सोमवारी मला अकरावीच्या क्लासची चौकशी करायला लातूरला जायचं होतं. पप्पा जिल्हा परिषदेत हिशेबाच्या विभागात आहेत, आणि मार्च एण्डला त्यांना जेवावंही उभ्याउभ्याच लागतं. आईची ड्युटी होती. तेव्हा आजोबा म्हणाले, "मी जातो की पोरीसंगं." हे इतक्या पटकन म्हणाले की आजीनं कणीक मळता मळता मान वर केली.

"क्लास बघायला चालले का चहा?" तिनं विचारलं.

आजोबांनी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

एसटीत पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीट नाही आणि बायकांना नुकतंच अर्धं झालेलं. कंडक्टर म्हणाला, "एक फुकट, एक अर्धं. दोघं मिळून अर्धा माणूस चाललाय लातूरला." आजोबांना ते आवडलं नाही. लोहा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. अहमदपूरला मी त्यांना भाव दाखवला, दोनशे आठ.

"घ्यायचे का?" मी विचारलं.

"धोंडप्पाला इचारल्याबिगर न्हाई."

धोंडप्पा म्हणजे शाखेसमोरचे चहावाले. आजोबा लातूर सोडून आले तेव्हापासून दोघांची गाठ नव्हती. वर्षात एकदा चौदा एप्रिलला धोंडप्पांचा फोन यायचा, जय भीम म्हणायचे, तब्येत विचारायचे, ठेवून द्यायचे.

लातुरात आधी क्लास. एका क्लासच्या ऑफिसात टाय घातलेले एक सर होते. त्यांनी मला सोडून आजोबांना विचारलं, "टार्गेट काय ठेवलंय?"

"दोनशे पाच," आजोबा म्हणाले.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. कशातले दोनशे पाच हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माहितीपत्रक घेतलं, फी बघितली, घडी घालून पिशवीत टाकलं. एक वाजता आम्ही शाखेच्या रस्त्यावर होतो.

टपरी तिथंच होती. पत्रे नवीन, बाकडं जुनं. धोंडप्पा काका उंच आणि वाळलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि हातात इतकी मोठी किटली की ती ठेवल्यावर ते एका बाजूला कलतील असं वाटत होतं. आजोबांना बघून त्यांनी किटली खाली ठेवली. ते कलले नाहीत.

"साहेबराव," ते म्हणाले. "मेला का काय म्हनलं तुम्ही."

"तुझा चहा पिऊन बी जिता हाय म्हनल्यावर आता काय मरतो."

हे झाल्यावर दोघं बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभे होते. मग काकांनी मला बघितलं. "ही आनंदाची?" म्हणजे माझ्या पप्पांची.

"हाव. दहावी झाली. लई बोलती. तू इचारू नको काही, नाहीतर चालू होईल."

काकांनी बशीत चहा ओतायला घेतला. "साकु?" त्यांनी विचारलं. उदगीरकडचे आहेत, पुरे का असं कानडीतून विचारायची सवय. मग कढईतली मिरची भजी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दिली. आजोबांनी एक भजं खाल्लं, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून कामाचं विचारलं.

"धोंडप्पा, आजकाल आत किती चहा जाऊन राहिला?"

"नऊ."

आजोबांनी बशी खाली ठेवली. "नव्वद?"

"नऊ हो. एक, दोन, तीन, तसे नऊ."

"मी असताना साठ जायचे."

"तवा तुम्हीच सात प्यायचे."

"आणि स्पेशल?"

"स्पेशल बंदच. तीन वर्सं झाली, एक न्हाई गेला."

आजोबा बोटांवर मोजायला लागले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. स्पेशल नाही म्हणजे पैसा अडकलेला नाही, ही चांगली बातमी. पण साठाचे नऊ म्हणजे बँकेत माणूसच येत नाही, ही वाईट. त्यांची एकतीस वर्षांची रीत एकाच वेळी हो आणि नाही म्हणत होती. त्यांनी समोरच्या शाखेकडं असं बघितलं, जसं डॉक्टर बाहेर येऊन काहीच न बोलता निघून गेल्यावर नातेवाईक दाराकडं बघतात.

"बुडती वाटतं," ते हळूच म्हणाले.

"मी विचारून येते," मी म्हटलं.

"कुनाला?"

"मॅनेजरला."

"अगं, असं कुनी इचारतं का," आजोबा म्हणत होते तोवर मी रस्ता ओलांडला होता. जानेवारीच्या आधीची माया गेली नसती. नवीन माया काचेचं दार ढकलून आत गेली, एसीत शिरली आणि केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, आत येऊ का? तुमची बँक बुडणार आहे का?"

मॅनेजर मॅडमनी फोन कानावरून बाजूला घेतला. "तुझे किती आहेत आमच्याकडं?"

"अजून काहीच नाहीत. घ्यायचे की नाही ते ठरवायचंय. बाहेरून नऊच चहा येतात म्हणून शंका आली."

त्यांनी फोन ठेवलाच. सगळं ऐकून घेतलं, स्पेशलचं सुद्धा. ते ऐकताना त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण टेबलावरचा पेन तीनदा उचलून ठेवला. मग मला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथं भिंतीला टेकून चहाचं मशीन होतं. बटण दाबलं की खर्रर्र करून कागदी कपात चहा.

"तीन वर्षं झाली हे आल्याला," त्या म्हणाल्या. "नऊ चहा येतात ते ज्यांना हा प्यायला जमत नाही त्यांचे. त्यात मी पण आहे. आणि शेअर घे किंवा घेऊ नको, हे मला सांगता येत नाही. नियम आहे. खरं सांगू का, नियम नसता तरी सांगता आलं नसतं. मला माहीत असतं तर मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहिले असते का? लिफ्ट पण नाही."

मी पुरावा म्हणून एक कप भरून बाहेर नेला.

आजोबांनी तो हातात घेतला, वास घेतला, घोट घेतला. धोंडप्पा काकांनीही घेतला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"अमेरिकेचं दुखणं इथवर आलं," आजोबा म्हणाले.

पण गंमत ओसरल्यावर ते बाकावर बसले आणि बसूनच राहिले. माझा आलेख बाद झाला होता, आता त्यांचा चहाही बाद. दुपारचे अडीच वाजले होते. भाव दोनशे सात. "उद्या बगू," असं ते आता म्हणतील, मला ऐकू यायलाच लागलं होतं. आणि परत नांदेड, परत टीव्ही, परत एखाद्या दिवशी वर गेलेला भाव आणि आईची भांडी. मला काहीतरी बोलायचं होतं, पण काय बोलायचं ते सुचेना. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

धोंडप्पा काका दुसरा घाणा काढत होते. वर्तमानपत्र फाडताना ते म्हणाले, "पेपर लई तेल पितो, साहेबराव. पयलं ते बँकेचं पुस्तक यायचं, जाड. गुळगुळीत कागद. भज्याला लई झकास. करोनापासून यायचंच बंद झालं. आता मोबाइलवर धाडतो म्हनतेत. मोबाइलवर भजे कसे बांधावं मानसानं?"

"कोन्चं पुस्तक?" आजोबांनी विचारलं.

"तेच, वर्साचं. तुम्हाला येतच असंल की. सायबांचे फोटू, मागं सगळे आकडे. ज्याच्याकडं शेअर हायेत त्याला येतं ते."

आजोबांची मान हळूहळू वर आली. "तुझ्याकडं शेअर हायेत?"

"वीस. म्हंजे तुम्हीच तर सांगितलं नव्हं. जाताना. निरोपाच्या दिवशी इथंच बसून. धोंडप्पा, जग बुडालं तरी आपली बँक बुडत न्हाई, मी आतून बगितलीय, आता स्वस्त हाय, घेऊन टाक. मी गंजगोलाईतल्या एका एजंटाकडून घेतले. तवा एकसष्टला होता एक. मंग इसरूनच गेलो." काकांनी झारा झटकला. "तुमच्याकडं तर हजार असतील. म्हनून कदी बोललो न्हाई. आपले वीस, काय सांगावं."

मी आजोबांकडं बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण लगेच भज्यांकडं बघायला लागले. कढईत तेल तडतडत होतं. पंधरा वर्षं ज्या मालकीसाठी हा माणूस झुरला, तिच्या पुस्तकाची पानं समोरच्या टपरीवर मिरचीला गुंडाळली जात होती.

"माझ्याकडं एक बी न्हाई," आजोबा म्हणाले.

काका थांबले. "कामून?"

"घेतले न्हाईत."

"मला घ्यायला लावले आन् तुम्ही घेतले न्हाईत?"

"तुला सांगताना भ्या वाटलं न्हाई रे," आजोबा म्हणाले. "माझं घ्यायचं आलं की वाटायचं, उद्या अजून दोन रुपये पडला तर?"

धोंडप्पा काकांना यात हसावं की काय ते कळेना. त्यांनी गॅस बारीक केला आणि आजोबांच्या शेजारी बाकावर येऊन बसले. "मी तरी काय हिशेब लावला व्हता," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या निरोपाच्या पार्टीचा चहा मीच दिला, त्याचे पैसे खिशात होते. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला गेले असते."

मग आजोबांनी घड्याळ बघितलं.

"माया, बाजार कवा बंद होतो?"

"साडेतीनला."

"आनंदाला फोन लाव."

तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. पप्पांनी चौथ्या वेळी फोन उचलला. मागं कुणीतरी व्हाउचर व्हाउचर करत होतं.

"पप्पा, ओटीपी आलाय तो सांगा."

"कशाचा ओटीपी? माया, मार्च एण्ड आहे."

"शेअरचा. आजोबा घेताहेत."

"कोण?"

"आजोबा."

बराच वेळ फक्त व्हाउचर ऐकू आलं. मग पप्पा म्हणाले, "फोन दे त्यांच्याकडं. दादा? दादा, बातम्या बघितल्या का? अजून पडेल म्हणतात. उद्या बघितलं तर?"

पप्पांचा आवाज मी ओळखते. ते चेष्टा करत होते. पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्यात ते वाट बघत होते, आजोबा काय म्हणतात त्याची.

"पडू दे," आजोबा म्हणाले. "आकडे सांग."

तेवढ्यात त्या ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. पप्पांनी सांगितला आणि धोंडप्पा काकांनी तो मदत म्हणून रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हटला.

"काका, ओटीपी मोठ्यानं म्हणायचा नसतो."

"का? खोटा हाय का?"

ॲप उघडलं. भाव दोनशे सात रुपये, चाळीस पैसे. "किती घ्यायचे?" मी विचारलं. "सगळ्याचे बसतात शहाण्णव."

आजोबांनी डोळे बारीक केले. आधी स्क्रीनकडं बघितलं, मग शेजारी बसलेल्या धोंडप्पा काकांकडं.

"एकवीस," ते म्हणाले.

"आजोबा."

"एकवीस घाल. बाकीचं पुढं बगू."

मी एकवीस घातले. "आता हे हिरवं बटण उजवीकडं सरकवायचं. तुम्हीच सरकवा." त्यांचं बोट भज्याच्या तेलानं माखलेलं होतं. हिरवं अर्ध्यावर गेलं आणि परत मागं आलं. त्यांनी बोट पँटला पुसलं. परत मागं आलं. काका म्हणाले, जोरात दाबा. मी म्हटलं, दाबायचं नाही, ओढायचं. तिसऱ्यांदा त्यांनी जीभ बाहेर काढून, एखादं जड कपाट सरकवावं तसं ते शेवटपर्यंत नेलं.

"झालं?"

"झालं."

"म्हंजे झालंच?"

"झालंच आजोबा. तीन एकोणीसला. भावही तोच लागला."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. धोंडप्पा काका म्हणाले, "चला, आता आपन दोघं बी मालक."

"माझा एक जास्त हाय," आजोबा म्हणाले.

साडेतीनला मी परत बघितलं, आणि बघायला नको होतं. शेवटच्या दहा मिनिटांत दोनशे चारवर आला होता. मी फोन पालथा ठेवला. आजोबा काकांना नांदेडच्या पाण्याबद्दल सांगत होते. मध्येच न थांबता त्यांनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"तोंड बंद हाय तुझं. म्हंजे पडला असंल."

"तीन रुपये," मी म्हटलं. "तीन रुपये चाळीस पैसे. माझ्या आलेखावर…"

"तुझा आलेख र्‍हाऊ दे." त्यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होते, आठी येते का. एक आली. मग गेली. "उद्या किती असंल ते तुला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई, आत ती बाई बसलीय तिला न्हाई. चल, बस गाठू."

निघताना आम्ही शाखेच्या बाजूनं गेलो. शेजारी एटीएमची खोली होती. तिचं काचेचं दार कुणीतरी वीट लावून उघडं ठेवलेलं, आणि आत एसी जोरात चालू. आजोबा थांबले. पायानं वीट बाजूला केली. दार लागलं, पण ते आतल्या बाजूला राहिले. जमिनीवर पावत्यांच्या चिठ्ठ्यांचा खच पडला होता. आजोबा वाकले आणि एकेक उचलायला लागले.

"आजोबा, शिपाईगिरी संपली तुमची," मी बाहेरून म्हटलं. "पंधरा वर्षं झाली."

"शिपाई असताना कदीच उचलल्या न्हाईत," ते म्हणाले. "ते झाडूवालीचं काम होतं."

मीही आत गेले आणि उचलू लागले. तेवढ्यात हेल्मेट घातलेला एक माणूस आला, पैसे काढले, चिठ्ठी बघितली आणि सवयीनं खाली टाकली.

"ओ दादा, डबा तिकडं हाय," आजोबा म्हणाले.

माणसानं हेल्मेटची काच वर केली. "तुम्ही कोण?"

आजोबांनी तोंड उघडलं आणि बंद केलं. हातातल्या चिठ्ठ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. मग माझ्याकडं बघितलं. एवढं साधं उत्तर, पण ते त्यांच्या तोंडातून येईना.

"मालक आहेत ते," मी म्हटलं.

त्या माणसानं आजोबांच्या चपलांकडं बघितलं, तेलाचा डाग पडलेल्या पँटकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी माईक हातात असल्यासारखी उभी होते. त्यानं वाकून चिठ्ठी उचलली आणि डब्यात टाकली.

"आणि ती बी," आजोबा म्हणाले, त्याच्या बुटाजवळच्या दुसऱ्या चिठ्ठीकडं बोट दाखवत.

"ती माझी नाही."

"माझी बी न्हाई. पन उचला."

त्यानं उचलली. या सगळ्यात आमची चारची बस गेली, आणि पुढची सव्वापाचला होती.